पट्टीच्या आचाऱ्यांचा सामना

जून २०११. अमेरिकेतल्या ‘ब्राव्हो’ वाहिनीवर ‘टॉप शेफ मास्टर्स’ या स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वाची अंतिम फेरी रंगली होती. तीन नावाजलेले शेफ उरले होते: मेरी स्यू मिलिकन, ट्रेसी दे जार्डिन आणि मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याच्या कुटुंबातले फ्लॉइड कार्डोझ. आयुष्यातल्या आठवणींशी नातं सांगणारे पदार्थ रांधा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. कार्डोझ यांनी परीक्षकांपुढे ठेवला उपमा. रवा आपल्याकडे सकाळी कढईत भाजला जातो तोच. जोडीला रानअळंबी, कोकम आणि नारळाचं दूध. अमेरिकी प्रेक्षकांना ओळखीचं वाटावं म्हणून त्याला ‘उपमा पोलेंटा’ म्हटलं होतं. पोलेंटा म्हणजे इटलीत मक्याच्या भरडीची करतात ती मऊ लापशी. निकाल लागला, कार्डोझ जिंकले आणि एक लाख डॉलरचं बक्षीस त्यांनी निवडलेल्या कर्करोग संशोधन निधीला गेलं.

नाश्त्याच्या उपम्याने एवढी मोठी स्पर्धा जिंकली याचं तेव्हा फार कौतुक झालं. त्या विजयात उपम्याइतकाच वाटा होता तो करणाऱ्या हातांच्या तयारीचा. रवा कुठवर भाजायचा, पाणी किती गरम असावं, कोकमाचा आंबटपणा नारळाचं दूध फाटू न देता कसा आणायचा, आणि हे सगळं घड्याळ डोक्यावर टिकटिकत असताना कसं साधायचं, ही वर्षानुवर्षांच्या कामातून आलेली जाण होती. ती एरवी हॉटेलच्या भटारखान्यात राहते. गिऱ्हाईकाला दिसते फक्त समोर आलेली प्लेट.

व्यावसायिक शेफच्या दूरचित्रवाणी स्पर्धांनी हा भटारखाना लोकांपुढे उघडा केला. त्या स्पर्धा कशा चालतात, त्यात नेमकं काय तपासलं जातं, हे बारामती-इंदापूरच्या वाचकानेही समजून घेण्यासारखं आहे. कारण स्वयंपाकावर पोट असलेले कसबी हात या पट्ट्यात ठिकठिकाणी राबताहेत.

घरचा स्वयंपाक आणि धंद्याचा स्वयंपाक

भारतात बहुतेकांच्या ओळखीचा आहे तो ‘मास्टरशेफ इंडिया’. २०१० मध्ये तो ‘स्टार प्लस’वर सुरू झाला आणि पहिल्या पर्वात लखनौच्या शिक्षिका पंकज भदौरिया विजेत्या ठरल्या. पुढे तो ‘सोनी’वर आला. २०२३ च्या सातव्या पर्वात सुवर्णा बागूल अंतिम तिघांत पोचल्या, तेव्हा मराठी घरांतून त्यांच्यासाठी मनापासून टाळ्या वाजल्या. पण हा कार्यक्रम घरी आवडीने रांधणाऱ्यांचा. व्यवसायाने शेफ असलेल्यांच्या स्पर्धा हे वेगळंच प्रकरण आहे.

फरक कशात? घरी रांधणाऱ्याला एक पदार्थ एकदा उत्तम जमला की त्याचं काम झालं. व्यावसायिकाला तोच पदार्थ एका रात्रीत ऐंशी वेळा, ऐंशीही वेळा सारख्याच चवीचा द्यायचा असतो. हाताखालच्या माणसांकडून करून घ्यायचा असतो, मालाची नासाडी टाळायची असते, आणि गिऱ्हाईक ताटकळून उठून जाणार नाही हेही बघायचं असतं. त्यामुळे घरगुती स्पर्धेत परीक्षक पुष्कळदा विचारतात की हे तुम्हाला सुचलं कसं. व्यावसायिकाला विचारतात की मिठाचा अंदाज चुकलाच कसा. त्याला सवलत नसते.

या प्रकाराला जगभर लोकप्रिय केलं ते जपानने. १९९३ मध्ये ‘फुजी टीव्ही’वर ‘आयर्न शेफ’ सुरू झाला. आव्हान देणारा शेफ आणि कार्यक्रमाचा कसलेला शेफ आमनेसामने, मधोमध झाकलेला एक मुख्य जिन्नस. झाकण उघडलं की साठ मिनिटं. तेवढ्या वेळात त्या एका जिनसाचे अनेक पदार्थ दोघांनीही करायचे. जिन्नस आधी माहीत नसणं आणि घड्याळ न थांबणं, या दोन अटींवर पुढच्या जवळजवळ सगळ्या स्पर्धा उभ्या राहिल्या.

ब्रिटनमध्ये ‘मास्टरशेफ’ १९९० पासून होताच, पण तो हौशी मंडळींचा. २००८ मध्ये बीबीसीने त्यातून ‘मास्टरशेफ: द प्रोफेशनल्स’ वेगळा काढला. अमेरिकेत २००६ मध्ये ‘टॉप शेफ’ आला. दुसऱ्या पर्वापासून अनेक वर्षं चेन्नईत जन्मलेल्या पद्मा लक्ष्मी त्याच्या सूत्रधार होत्या. तीन वर्षांनी, आधीच नाव कमावलेल्या शेफसाठी ‘टॉप शेफ मास्टर्स’ निघाला. त्याच्या पहिल्या पर्वात मेक्सिकोच्या स्वयंपाकाला वाहून घेतलेले रिक बेलेस जिंकले, दुसऱ्यात इथिओपियात जन्मून स्वीडनमध्ये वाढलेले मार्कस सॅम्युएलसन आणि तिसऱ्यात कार्डोझ. मोठं हॉटेल म्हणजे फ्रेंच जेवण, हे समीकरण त्या तीन निकालांनी मोडीत काढलं.

घड्याळ, सुरी आणि चमचा

‘द प्रोफेशनल्स’मधली कौशल्य चाचणी पाहिली की या स्पर्धांचं मर्म कळतं. मोनिका गॅलेटी किंवा मार्कस वेअरिंग यांच्यासारखे परीक्षक आधी स्वतः एक काम करून दाखवतात. एखादा मासा साफ करून त्याचे बिनकाट्याचे तुकडे काढणं, एखादं सॉस जमवणं, असलं काही. मग स्पर्धकाला आत बोलावतात. काय करायचं आहे, हे त्याला तिथंच कळतं. वेळ मोजून काही मिनिटं. ज्याच्या हॉटेलात मासे कापूनच येतात, त्याची इथं पंचाईत होते. कुणाच्या सुरीला वळण आहे आणि कुणी नुसत्या हुद्द्याने शेफ आहे, हे पहिल्या मिनिटातच बघणाऱ्याला उमगतं.

‘टॉप शेफ’मध्ये प्रत्येक भागाचे साधारण दोन टप्पे असतात. आधी एक झटपट फेरी, मग बाद करणारी मोठी फेरी. मोठ्या फेरीत कधी शेकडो पाहुण्यांचं जेवण करायचं असतं, कधी स्पर्धकांचे दोन गट करून त्यांना दोन तात्पुरती हॉटेलं चालवायला सांगतात. तिथं रांधण्याइतकंच महत्त्व कामाच्या वाटणीला येतं. चिरण्यावर कोण, चुलीवर कोण, वाढायच्या टेबलावर कोण आणि आवाज कुणाचा चालणार, यावरच निकाल ठरतो.

पडद्यावर तासाभरात दिसणाऱ्या भागामागे चित्रीकरणाचे बरेच तास असतात. रांधण्याच्या वेळेची मर्यादा खरी असते, पण त्याच्या आधी आणि नंतर बराच काळ प्रकाशयोजना, कॅमेऱ्यांच्या जागा आणि स्पर्धकांच्या मुलाखती यांत जातो. ‘तेव्हा माझ्या पोटात गोळा आला’ असं स्पर्धक सांगतो, ते बहुधा नंतर वेगळं चित्रित केलेलं असतं. पदार्थाची देखणी छायाचित्रंही काढायची असतात. तोवर प्लेट निवते, म्हणून अनेक परीक्षक रांधणं चालू असतानाच ओट्यापाशी जाऊन चमच्याने चव घेत फिरतात. प्रेक्षकाला चव कळत नाही. त्याला परीक्षकाच्या चेहऱ्यावर आणि शब्दांवर भरवसा ठेवावा लागतो. म्हणून या कार्यक्रमांचा दर्जा शेवटी परीक्षकाच्या भाषेवर ठरतो. ‘छान झालंय’ म्हणून भागत नाही. मसाला कच्चा लागतोय, तेल सुटण्याआधीच पाणी घातलं गेलंय, मासा आत मिनिटभर जास्त शिजलाय, असं नेमकं सांगणारा परीक्षक प्रेक्षकालाही शिकवून जातो.

भांडी घासण्यापासून अंतिम फेरीपर्यंत

कार्डोझ यांचा प्रवास सरळ नव्हता. मुंबईत ते जैवरसायनशास्त्र शिकत होते. आर्थर हेली यांची ‘हॉटेल’ ही कादंबरी वाचनात आली आणि त्यांनी वाट बदलली. मुंबईत आणि मग स्वित्झर्लंडमधल्या ‘ले रोश’ इथं शिक्षण घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. ‘लेस्पिनास’ या उंची फ्रेंच धाटणीच्या हॉटेलात ग्रे कुन्झ यांच्या हाताखाली ते वर चढले. १९९८ मध्ये डॅनी मायर यांच्याबरोबर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ उघडलं. भारतीय मसाले आणि अमेरिकेतला हंगामी माल यांची सांगड घालणारं हे रेस्टॉरंट बारा वर्षं चाललं आणि २०१० च्या अखेरीस बंद झालं. पुढच्याच वर्षी ‘टॉप शेफ मास्टर्स’चं विजेतेपद आलं.

त्या विजयानंतर कार्डोझ भारताकडे वळले, हा या गोष्टीतला महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग. २०१५ मध्ये समीर सेठ आणि यश भानगे यांच्यासोबत त्यांनी लोअर परळला ‘द बॉम्बे कॅन्टीन’ सुरू केलं. देशातल्या निरनिराळ्या प्रांतांचे साधे पदार्थ, इथल्याच भाज्या, इथलीच धान्यं, आणि त्यांना मोठ्या रेस्टॉरंटचा मान. पुढे बांद्रा-कुर्ला संकुलात गोव्याच्या जेवणाचं ‘ओ पेद्रो’ आलं. मार्च २०२० मध्ये ते मुंबईहून अमेरिकेत परतले आणि २४ मार्चला कोरोनाने त्यांचं निधन झालं. वय होतं ५९.

दुसरं उदाहरण आपल्याकडच्या खेड्यातल्या मुलांना जास्त जवळचं वाटेल. संतोष शाह हा नेपाळच्या सिरहा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मुलगा. किशोरवयातच घर सोडून तो अहमदाबादला आला आणि एका हॉटेलात भांडी घासू लागला. तिथून भटारखान्यातली एकेक पायरी चढत तो लंडनला पोचला, आणि २०२० च्या ‘मास्टरशेफ: द प्रोफेशनल्स’मध्ये थेट अंतिम फेरीत उभा राहिला. विजेतेपद अलेक्स वेब यांना मिळालं, पण शाह यांनी नेपाळी चवी ब्रिटिश प्रेक्षकांपुढे मांडल्या आणि त्यांच्या देशात ते घरोघरी ओळखले जाऊ लागले. ज्या धंद्यात भांडी घासण्यापासून सुरुवात करावी लागते, त्या धंद्याला अशा कार्यक्रमांनी प्रतिष्ठा मिळवून दिली.

बायकांच्या वाट्याला मात्र ही प्रतिष्ठा उशिरा आली. घरोघरी चूल बाईकडे आणि हॉटेलात शेफची टोपी पुरुषाच्या डोक्यावर, अशी विभागणी वर्षानुवर्षं चालत आली. २०१८ मध्ये ‘नेटफ्लिक्स’च्या ‘द फायनल टेबल’ या स्पर्धेत जगभरच्या २४ शेफमध्ये मुंबईच्या ‘अर्थ’ या रेस्टॉरंटच्या अमनिंदर संधू होत्या. त्याच वर्षी मुंबईत पत्रकारिता करून या क्षेत्रात आलेल्या गरिमा अरोरा यांच्या बँकॉकमधल्या ‘गा’ या रेस्टॉरंटला या धंद्यात मानाचा समजला जाणारा मिशेलिनचा तारा मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढे त्या ‘मास्टरशेफ इंडिया’च्या परीक्षक झाल्या.

भिगवणची भट्टी, बारामतीची पंगत

मराठी दूरचित्रवाणीला स्वयंपाकाचं वावडं कधीच नव्हतं. संजीव कपूर यांचा हिंदी ‘खाना खजाना’ १९९३ पासून मराठी घरांतही आवडीने पाहिला गेला. ‘झी मराठी’च्या ‘आम्ही सारे खवय्ये’ने गावोगावच्या सुगरणींना कॅमेऱ्यापुढे आणलं. नागपूरच्या विष्णू मनोहर यांनी कार्यक्रमांतून घरोघरी पाककृती पोचवल्या आणि एप्रिल २०१७ मध्ये सलग ५३ तास रांधून विक्रमही केला. या सगळ्यात मध्यभागी राहिला तो घरचा ओटा. लग्नाच्या मांडवामागे, महामार्गावरच्या खानावळीत, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज शेकडो माणसांचं जेवण काढणारा आचारी मात्र त्या मानाने फार थोडा दिसला.

त्याला बघायचं तर पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवणला यावं. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणाऱ्या या जलाशयाचा फुगवटा इंदापूर तालुक्यात लांबवर पसरला. जमिनी बुडाल्या, गावं उठली, आणि त्याच पाण्यावर मासेमारीचा नवा धंदा उभा राहिला. भिगवणचा मासळी बाजार आणि रस्त्याकडेच्या मच्छी खानावळी आज प्रवाशांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत.

इथल्या स्वयंपाक्याचं काम सोपं नाही. जलाशयातल्या प्रत्येक माशाची जात निराळी. चिलापीला बारीक काटे कमी, त्यामुळे ती कापायला सोयीची. पण गोड्या पाण्यातल्या माशाला मातकट वास येऊ शकतो, तो हळद, मीठ आणि आंबटाने घालवावा लागतो. कटला आणि रोहू यांच्या मांसात केसासारखे दुहेरी काटे असतात. त्यांच्या अंगावर जवळजवळ चिरा देऊन कडकडीत तेलात तळलं, तर ते काटे कुरकुरीत होऊन जातात. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून बाजारात ती जिवंत मिळते आणि तिचं मांस घट्ट असतं. वाम हातातून निसटते; तिला धरायलाच सराव लागतो. बीबीसीच्या चाचणीत शेफला मासा साफ करायला सांगतात, तेव्हा जे तपासलं जातं ते हेच. भिगवणला ही परीक्षा रोज दुपारी होते, भर गिऱ्हाइकीत.

शेकडो माणसांच्या जेवणाची गोष्ट निघाली, तर आषाढातली वारी डोळ्यांपुढे येते. तुकोबांची पालखी बारामतीला मुक्काम करून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी इंदापूरला जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण. दिंडीचा स्वयंपाक करणारी माणसं ट्रकमध्ये शिधा आणि भांडी भरून पुढच्या मुक्कामाला आधी पोचतात, पाण्याची सोय बघतात, चुली मांडतात, आणि वारकरी दमून येतात तेव्हा पंगत बसायच्या तयारीत असते. रोज नवी जागा, पावसाचा नेम नाही, जेवणाऱ्यांचा आकडा संध्याकाळपर्यंत पक्का नाही. ‘टॉप शेफ’मधली शेकडो पाहुण्यांची फेरी ज्यांना अवघड वाटते, त्यांनी हे नियोजन एकदा जवळून बघावं.

लग्नसराईतल्या आचाऱ्याचंही तसंच. मटणाचा रस्सा दोनशे माणसांचा असो की दोन हजारांचा, मसाल्याचं प्रमाण नुसत्या गुणाकाराने वाढत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी कमी आटतं, तिखट आणि मीठ वेगळ्या अंदाजाने घालावं लागतं, तळ लागला तर सगळं पातेलं वाया जातं. आधी अळणी सूप बाजूला काढायचं, मग सुकं आणि रस्सा वेगळा करायचा, भाकऱ्या करणाऱ्या बायकांचा वेग आणि पंगतींचा वेग जुळवायचा. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ते हाताखाली काम करतच पुढच्या पिढीकडे जातं.

जिनसांची तर या भागाला ददात नाही. ‘आयर्न शेफ’सारखा झाकलेल्या पेटीचा खेळ इथं मांडायचा झाला, तर पेटीत ठेवायला उजनीची मरळ आहे, इंदापूरचे पेरू आणि डाळिंबं आहेत, निमगाव केतकीच्या पानमळ्यातलं खायचं पान आहे, ज्वारी-बाजरी आहे. बारामतीत श्रायबर डायनॅमिक्सच्या दुग्धप्रकल्पात चीज तयार होतं, आणि इटलीच्या ‘फेरेरो’चा गोड पदार्थांचा कारखाना २०११ पासून बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत चालू आहे. खायच्या पानात गुंडाळून वाफवलेली मरळ, वर डाळिंबाच्या रसाचा आंबटगोड रस्सा आणि खाली ज्वारीच्या कण्या: कसलेल्या शेफला या पेटीतून असं काही सुचू शकतं. कार्डोझ यांनी रव्याच्या बाबतीत जे केलं, ते ज्वारीच्या बाबतीत करायला कुणाची हरकत असणार?

कॅमेऱ्याच्या बाहेरचं

या स्पर्धांच्या उणिवाही सांगायला हव्यात. ‘हेल्स किचन’सारख्या कार्यक्रमांनी शेफ म्हणजे ओरडणारा, हाताखालच्यांचा पाणउतारा करणारा माणूस, अशी प्रतिमा रुजवली. तसं वागणं हा कसबाचा भाग नव्हे. भटारखान्यातली उष्णता, चौदा-चौदा तास उभं राहणं, सणासुदीला घरापासून दूर असणं, तुटपुंजा पगार, भाजणं-कापणं, या गोष्टी तासाभराच्या चकचकीत भागात बसत नाहीत. पदार्थाचा खर्च किती आला, उरलेल्या मालाचं काय झालं, स्वच्छता कशी राखली, हा व्यावसायिकाच्या कामाचा कणा आहे. पण निकालात त्याला क्वचितच गुण मिळतात. आणि रोज सारखी चव देणं हा या धंद्यातला सर्वांत मोठा गुण एका भागात तपासताच येत नाही.

तरीही अशा कार्यक्रमांचा एक परिणाम निश्चित झाला. हॉटेलात काम करायचं म्हटलं की पूर्वी घरचे नाक मुरडायचे. आता मुलं-मुली उघडपणे सांगतात, शेफ व्हायचंय. त्यांच्यासाठी वाटाही आहेत. मुंबईत १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने सुरू झालेली दादरची हॉटेल व्यवस्थापन संस्था देशातल्या या प्रकारच्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक. तिथं बारावीनंतर राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. पुण्यात राज्य सरकारची हॉटेल व्यवस्थापन संस्था आहे. काही आयटीआयमध्ये दहावीनंतर ‘फूड प्रॉडक्शन’चा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. बारामती-इंदापूरच्या शेतकरी कुटुंबातल्या मुलाला माल पारखायची नजर घरातच मिळते. मासा ताजा कसा ओळखायचा, डाळिंब कधी उतरवायचं, दूध कधी नासलं, हे त्याला शिकवावं लागत नाही. त्याला हवी असते सुरीची शिस्त, हिशेब आणि संधी.

मराठी वाहिन्यांनी आता व्यावसायिक आचाऱ्यांची स्पर्धा मनावर घ्यावी. पंचतारांकित हॉटेलातला शेफ, महामार्गावरच्या खानावळीची मालकीण आणि दिंडीचा आचारी एकाच ओट्यापाशी उभे राहावेत. पदविकेची अट नसावी, कामाच्या वर्षांची असावी. परीक्षकांत एखादा मुरलेला लग्नाचा आचारी असावा. एक फेरी एका उत्तम प्लेटची, एक पाचशे माणसांच्या पंगतीची, आणि एक ठरलेल्या पैशांत जेवण बसवण्याची. पडद्यावर स्पर्धकाच्या नावाखाली त्याचं गाव आणि त्याची खानावळ लिहावी, म्हणजे बघणारा तिथं जेवायला जाईल. पहिल्या फेरीसाठी स्टुडिओही बांधायला नको. सकाळी भिगवणच्या बाजारात माल घ्यायचा, आणि दुपारच्या आत रांधून वाढायचं.